पण त्याले

भुतांवर माझा विश्वास नाही. नागपूरच्या उन्हावर आहे. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला जो सीताबर्डीवरून पायी जातो, त्याला वाटेत काय दिसेल याचा भरवसा कोणी देऊ नये. म्हणून फुलझेले मॅडमबद्दल मी आजवर फारसं बोलले नाही. बोललं की लोक आधी विचारतात, डोक्याला दुपट्टा बांधला होता का? घरून निघताना बांधला होता. ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदाही होता. आमच्या आईनं तेवढी काळजी जन्मभर घेतली.

मॅडम आमच्या कॉलेजात वाचन कक्षाच्या प्रमुख होत्या. कॉलेजात कसलं आलंय वाचायला शिकवणं, असं तेव्हाही स्टाफरूममध्ये सगळे म्हणत आणि चहा संपवून आपापल्या तासाला जात. पण त्या वर्षांत उमरेड, भिवापूर, काटोलकडून घरातली पहिलीच कॉलेजात आलेली मुलं आमच्याकडे यायची. मॅट्रिक झालेली असायची, अक्षर न् अक्षर ओळखायची. पण इतिहासाचं एक पान वाचायला दिलं, की तळाशी पोचेपर्यंत वरचं सगळं सांडलेलं असायचं. त्यांना वाचायला शिकवणारे आम्ही, आणि आम्हाला ते शिकवायला शिकवणाऱ्या मॅडम. दर मे महिन्यात सुट्टीतल्या रिकाम्या कॉलेजात त्या प्रशिक्षण वर्ग घ्यायच्या. वर्धा-चंद्रपूरच्या कॉलेजांतूनही माणसं यायची, आणि त्यातली निम्मी तिसऱ्या दिवशी घरी कोणी ना कोणी आजारी पाडून परत जायची.

कारण पहिला आठवडाभर त्या वर्गात विद्यार्थीच नसायचा.

मी पहिल्यांदा गेले ते सत्तरच्या दशकातलं सुरुवातीचं साल असेल. नुकतीच एम.ए. झालेली, जुन्या महाल भागातली, आडनाव पांढरीपांडे, आणि भाषा इतकी शुद्ध की भाजीवालीसुद्धा मला दोन आणे जास्त सांगायची. आम्ही चार-पाच जण होतो. माझ्या शेजारी गावंडे नावाचा काटोलकडचा तरुण होता, घरी संत्र्याचा बगीचा, तोंडात अखंड विनोद. हा याच कॉलेजात शिकलेला आणि याच वाचन कक्षातून निघालेला. मॅडम आत आल्या आणि गावंडे एकदम गप्प झाला. मला वाटलं, जुन्या बाईंचा धाक.

मॅडम सडपातळ, उंच. पांढरी सुती साडी, बोटभर काठ, आणि अंबाड्यात खोचलेली एक पेन्सिल, जी त्या दिवसभर टेबलावर शोधत असत. त्यांनी मला पुढे बोलावलं. टेबलापलीकडे, खिडकीजवळ, एक जुनी लाकडी खुर्ची होती. मॅडमनी पदरानं ती पुसली, सुरईतून ग्लासभर पाणी ओतून खुर्चीसमोर ठेवलं, एक जुनं वाचनपुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "यांना शिकवा."

मी म्हटलं, "मॅडम, इथं तर कोणीच नाही."

"मग घाबरता कशाला? सुरू करा."

रीत अशी होती. पुस्तकातलं ठरावीक पान वरपासून वाचायचं. पानाच्या मध्यावर एक वाक्य होतं : 'म्हाताऱ्याने दार उघडले, पण त्याला बाहेर कोणीच दिसले नाही.' त्यातल्या 'पण'पाशी आपण थांबायचं. पुढचं समोरच्यानं वाचायचं. समोरचा नाहीच, तेव्हा नुसती वाट पाहायची. किती वेळ? तर मॅडम पुरे म्हणेपर्यंत. पुढचे शब्द आपण मोठ्यानं वाचले की मॅडम पुस्तक मिटून टाकायच्या, आणि त्या दिवशी पुन्हा ते पुस्तक आपल्या हाताला लागायचं नाही.

"शिक्षकाला शांतता सोसत नाही," त्या म्हणाल्या. "पोरगं अडखळलं की शब्द त्याच्या तोंडात कोंबल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. आधी गप्प बसायला शिका. मग बाकीचं सांगते."

हे ऐकायला अगदी शहाणपणाचं होतं. मी 'पण'पर्यंत वाचलं आणि थांबले. कूलरचं पाणी टपटपत होतं. वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येत होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळानं मला जरा विचित्र वाटायला लागलं. दिसलं म्हणावं तर काही नाही. पण आपल्यासमोर कोणी बोलायला तोंड उघडण्याच्या बेतात असलं, की आपला श्वास आपोआप धरला जातो ना, तसा माझा धरला गेला. समोर खुर्ची रिकामी होती.

मॅडम माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या तशाच बसल्या जागी म्हणाल्या, "आला ना?"

घरी येऊन आईला सांगितलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ती पाठ करून बसण्याची सवय त्यांची कायमची. खरे विद्यार्थी आले तरी मॅडम भिंतीकडे तोंड करूनच बसायच्या. मुलं मनातल्या मनात वाचत असायची आणि मॅडम मध्येच म्हणायच्या, "तिसऱ्या बाकावर अडकलं." आम्ही जाऊन पाहावं, तर तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं बोट खरोखरच एका ओळीत रुतलेलं. कसं कळतं म्हणून विचारलं, तर म्हणायच्या, "वाचणारा थांबला की खोलीत कळतं. घरातलं घड्याळ बंद पडल्यावर कळतं तसं." आणि पुन्हा पेन्सिल शोधायला लागायच्या. मी पुढं बरीच वर्षं तसं ऐकायचा प्रयत्न केला. मला फक्त कूलर ऐकू आला.

खुर्चीपुढचा ग्लास संध्याकाळी बोटभर उतरलेला असायचा. गावंडे मलाही मॅडमच म्हणायचा. त्याचं म्हणणं, "उन्हाळ्यात पानी उडनारच नं, मॅडम." बरोबर आहे. डिसेंबरातही उतरायचा, तेव्हा गावंडे त्या विषयावर बोलायचा नाही. एकदा आमचे प्राचार्य वर्ग पाहायला आले आणि दुसरी खुर्ची शोधण्याचे कष्ट नकोत म्हणून थेट त्याच खुर्चीवर बसले. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. प्राचार्य मिनिटभरानं स्वतःच उठले. खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवून म्हणाले, "कोण बसलं होतं इथं? गरम आहे." नंतर जिन्यात गावंडे म्हणाला, मे महिन्यात नागपुरात खुर्ची थंडी राहीन का? खोलीतल्या बाकीच्या सगळ्या खुर्च्या मात्र कूलरनं गार पडलेल्या होत्या. मी हात लावून पाहिलं होतं.

आता ही बाई चमत्कारिक होती असं कोणी समजू नये. कामात इतकी चोख बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्या हाताखाली सहा महिने काढलेलं मूल अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन झाडाखाली जाऊन बसायचं. आमच्यापैकी कोणी कंटाळून सुस्कारा टाकला, तर त्या त्याला बाहेर पाठवायच्या : "जा, पन्हं पिऊन या. तुमचा सुस्कारा त्याच्या पानावर पडतो." त्यांचं स्वतःचं मराठी कसं होतं म्हणाल, तर माझ्यापेक्षा शुद्ध. वस्ती इंदोऱ्याची, वडील गिरणीत, घरात सगळे 'मला-तुला' न म्हणता 'मले-तुले' बोलणारे. पण मॅडमच्या तोंडून चुकूनही कधी 'ले' यायचा नाही. तोंड उघडलं की लोक कोण, कुठली ते ओळखतात, म्हणून शाळकरी वयात त्यांनी आरशासमोर उभं राहून तो जिभेवरून घासून काढला होता. हे त्यांनीच एकदा सांगितलं, हसत सांगितलं, आणि मला फार वाईट वाटलं. गावंडे म्हणायचा, "जिभेवरचा ले गेला, पन आडनावातला राह्यलाच की!" फुलझेले. मॅडमच्या कानावर हे गेलं असतं, तर त्याही हसल्या असत्या असं मला वाटतं.

विद्यार्थी यायला लागल्यावर पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एक मुलगी बसली. वाचत होती छान, ओघात. पुस्तकात होतं, 'आईने तिला हाक मारली.' मुलीनं वाचलं, "आईनं तिले हाक मारली." मी तोंड उघडलं. 'तिला' म्हणणार, तोच माझ्या खांद्यावर हात पडला. मॅडम भिंतीपासून तिथपर्यंत केव्हा आल्या, मला कळलं नाही. हात इतका घट्ट होता, की रात्री खांद्यावर वळ दिसला.

मुलगी गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "पुस्तकात काय आहे? 'तिला.' तिनं काय वाचलं? 'तिले.' का?"

मी म्हटलं, "चुकली."

"नुसती अक्षरं वाचणारा 'तिला'च वाचेल, पांढरीपांडे. डोळ्यांपुढे तेच आहे. 'तिले' कोण वाचतो? ज्याला वाक्य कळलं तो. तिनं ते वाक्य आपल्या घरी नेलं, आपल्या आईच्या तोंडी घातलं. ती वाचत होती. पूर्ण वाचत होती." त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. "अशा वेळी टोकायचं नाही. कधी टोकायचं नाही. 'हं, पुढे' एवढंच म्हणायचं. टोकलं की ते जातात."

कोण जातात, ते मला गावंडेनं सांगितलं. कॅन्टीन सुट्टीत बंद, म्हणून आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायचो. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं.

"मी या वर्गात शिकत होतो नं, तवाची गोष्ट. माह्या बाजूले एक पोरगा बसे. देवाजी कोहळे. भिवापूरकडचा. लय सीधा. त्या खुर्चीवरच बसे तो, खिडकीपाशी. मॅडमनं त्याले वाचाले लावलं. तेच पान. म्हाताऱ्यानं दार उघडलं, पन त्याले... मॅडम म्हने, 'त्याला.' तो पुन्हा म्हने, 'पन त्याले.' मॅडम म्हने, 'त्याला. पुस्तकात बघ.' त्यानं पाह्यलं. पुन्हा म्हने, 'त्याले.' तोंडात तेच बसलं होतं नं, मॅडम. मंग सारा वर्ग हासला. मीबी हासलो."

गावंडेच्या चहावर साय धरली होती.

"मग?"

"मंग त्यानं पुस्तक तसंच उघडं ठेवलं अन् उठून गेला. भर दुपारी. ऊन असं, की डांबर चिकटत होतं चपलीले. वसतिगृहात आला नाई, घरी गेला नाई. पोलीस झाले, तलाव पाह्यले, विहिरी पाह्यल्या. कोठीच नाई. पुरा मानूस असा कसा जाते, सांगा मले!"

त्या पानावर, त्या ओळीखाली, एक तेलकट बोटाचा डाग होता. इतके दिवस मी तो रोज पाहत होते आणि कोणीतरी चिवडा खाल्ला असेल असं समजत होते.

देवाजी गेल्यानंतर मॅडमनी शिकवण्याची सगळी पद्धत बदलली आणि दुसऱ्यांना शिकवायला घेतलं. वाट पाहायची, टोकायचं नाही, घरची भाषा आली तर आनंद मानायचा. आमचं सगळं प्रशिक्षण हे एका मुलाची वाट पाहणं होतं. त्यानं यावं, उरलेलं वाक्य वाचावं आणि आपण 'हं, पुढे' म्हणावं, एवढंच मॅडमना आयुष्यात हवं होतं.

दर वर्षी मिरच्यांच्या मोसमात त्या एस.टी.नं त्याच्या गावी जायच्या. एकदा मी सोबत गेले. अंगणभर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, ठसक्यानं माझे डोळे गळत होते. देवाजीची आई मिरच्या हातानं उलटत होती. मॅडमना पाहून तिनं लुगड्याला हात पुसले. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, किंवा रडेल. तिनं शांतपणे विचारलं, "आली का वं बाई? देवाजी वाचून राहिला ना?"

मॅडम म्हणाल्या, "वाचतोय."

"पुस्तक मोठं असन."

"मोठं आहे."

"वाचू दे मंग. त्याले म्हना, झालं वाचून का घरी ये. घाई नाई म्हना."

दोघींपैकी कोण कोणाची समजूत काढत होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. निघताना म्हातारीनं भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा कागदात बांधून दिल्या, देवाजीसाठी. परतीच्या गाडीत मॅडम ती पुडी मांडीवर धरून बसल्या. फक्त एकदा म्हणाल्या, "वाचून झाल्याशिवाय जाणार कसा? मी त्याला मध्येच अडवून ठेवलाय." कॉलेजात आल्याबरोबर त्यांनी ती पुडी खुर्चीसमोर ठेवली आणि खोलीला कुलूप लावलं.

सकाळी कुलूप मॅडमनीच उघडलं. टेबलावर टरफलांचा नीट रचलेला ढीग होता. दाणे नव्हते. मी सरळ गावंडेला पकडलं. त्यानं आईची शपथ घेतली, मग बापाची, मग बगीच्याची. बगीच्याची शपथ गावंडे खोटी घेणार नाही. उंदीर असतील, मी म्हटलं. गावंडे म्हणाला, "असतीन. पन आमच्याइकडचे उंदीर टरफलं रचत नाईत."

वर्षं अशीच गेली. गावंडे कायम झाला, मी कायम झाले, मॅडमचे केस साडीच्या रंगाचे झाले. आणि मग त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी वाचन कक्ष बंद करायचं ठरलं. खोली टायपिंगच्या वर्गाला द्यायची होती. त्यात निदान नोकरी लागते, असं नव्या प्राचार्यांचं मत. जुनं लाकडी सामान मोडीत जाणार होतं. मॅडमनी खुर्ची घरी मागितली. ते नियमात बसत नव्हतं. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "घरी नेऊन काय करू? त्याला ही खोलीच ठाऊक आहे." त्या दिवसांत त्या झोपत नसाव्यात. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं, आणि मला त्यांच्यासाठी भीती वाटायला लागली. खोली गेली की तो कुठं येणार? अर्ध्या वाक्यात माणूस किती दिवस राहणार?

निरोपाचा समारंभ मेमध्येच झाला, भर दुपारी. संत्र्याची बर्फी, शाल, श्रीफळ, भाषणं. मॅडम दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. टायपिंगची यंत्रं पेट्यांमध्ये येऊन व्हरांड्यात पडली होती. सगळे गेल्यावर मी आणि गावंडे जिना उतरलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं, दुपट्टा वाचन कक्षातच राहिला. त्या उन्हात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडणं म्हणजे आईच्या शिव्या. गावंडेला थांबायला सांगून मी वर गेले.

दार लोटलेलं होतं. मी उघडलं.

मॅडम खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या त्यावर कधी बसल्या नव्हत्या. समोर पाण्याचा ग्लास, पुस्तक उघडं, आणि त्यांचं बोट त्या डागावर. पलीकडे त्यांची स्वतःची खुर्ची होती. रोज ती भिंतीकडे तोंड करून असे. आज ती वळवून टेबलाशी ओढलेली होती, समोर बसून कोणाचं वाचन ऐकायचं असावं तशी. ती रिकामी होती. कूलर आधीच काढून नेला होता, त्यामुळे कसलाच आवाज नव्हता.

मॅडम वाचत होत्या. एकेक शब्द उचलून, जड, नव्यानं वाचणाऱ्या पोरासारखं. "म्हाताऱ्यानं... दार उघडलं... पन त्याले..."

आणि थांबल्या. मान वर करून त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. अशी नजर मी हजारदा पाहिली आहे. आता टोकतील का, हे पाहणाऱ्या मुलाची ती नजर असते.

मी श्वास धरला. थांबायचं कसं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. बराच वेळ गेला. कोणी टोकलं नाही.

मग मॅडमचे खांदे उतरले. त्यांनी बोट पुढे सरकवलं. "पन त्याले... बाहेर..." आणि त्यांनी डोळे उचलले ते थेट दाराकडे, माझ्याकडे. मी चौकटीत उभी होते, चार पावलांवर, लख्ख उजेडात. त्यांची नजर माझ्यातून आरपार गेली आणि मागच्या व्हरांड्यावर थांबली. "...कोनीच दिसलं नाई."

मी दार हळूच ओढून घेतलं. ते पुरतं लागायच्या आत आतून आवाज आला, "हव. पुढं."

मॅडम जन्मभर 'हं, पुढे' म्हणायच्या. 'हव' त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. पण 'त्याले'ही त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. तेव्हा आवाज त्यांचाच असणार, नाही का? दुपट्टा मी आणला नाही. जिन्याखाली गावंडे घाम पुसत उभा होता.

"काहून वं मॅडम, दुपट्टा नाई भेटला? फुलझेले मॅडम कोठी आहेत?"

"वर," मी म्हटलं. "वाचून राहिल्या."

माझ्या तोंडची ती भाषा ऐकून एरवी तो पोट धरून हसला असता. हसला नाही. त्यानं जिन्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "एकट्याच?"

"नाई," मी म्हटलं.